कमलआत्या आणि वाळवायचं मशीन

कमलआत्या सावली गावाहून आमच्याकडे कायमची राहायला आली, तेव्हा आईनं तिला पाणी दिलं, चहा दिला, "आता हेच तुमचं घर, वन्सं" असंही म्हणाली, आणि आत्या पाय धुवायला मोरीत गेल्याबरोबर मला जवळ ओढून हळूच विचारलं, "पेटीला कुलूप कशाला गं लावलंय?" मी चौदा वर्षांची होते. त्या पत्र्याच्या पेटीकडे नीट बघायचं मला तोवर सुचलंही नव्हतं. पण आईनं दाखवल्यावर ते पितळेचं लहानसं कुलूप मला दिसलं, आणि मग ते पुढची दोन वर्षं दिसतच राहिलं.

आई वाईट नव्हती, संशयी होती. दूधवाल्याच्या कॅनमध्ये स्वतःचं बोट बुडवून बघायची, भाजीच्या लारीवर तराजूच्या पारड्याखालून हात फिरवायची, पत्र आलं की आधी पाकीट उलटं करून कुणी ते उघडून पुन्हा चिकटवलंय का ते तपासायची. बाबा म्हणायचे, हिला देव जरी भेटला तरी ही त्याला आधी कुठल्या गल्लीत राहता म्हणून विचारेल. मी तिच्याच पोटची. आजही रिक्षावाला नेहमीचा रस्ता सोडून वळला की मी त्याचा नंबर मनात घोकायला लागते. वयाप्रमाणे गुडघे गेले, दात गेले, हे काही गेलं नाही.

आमचं घर दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्या, आणि त्यांच्यावर अगाशी, म्हणजे गच्ची. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणून आम्ही बडोद्याचे, एरवी आमचा त्या वैभवाशी काही संबंध उरला नव्हता. बाबा कापडाच्या गिरणीत होते, फिनिशिंग खात्यात. ओलं कापड वाफेच्या तापलेल्या रुळांवरून फिरवून कोरडं काढायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाची बारीक लव बसलेली असायची, आणि पहिला घोट चहाचा घेण्याआधी ते खोकायचे. तो खोकला इतका रोजचा होता की आई तो ऐकूनच गाळणं हातात घ्यायची.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचा नवरा वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरीला म्हणून गेला आणि तिथंच त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. मूलबाळ नव्हतं. ती याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही, आणि आमच्या घरात न बोलणाऱ्या माणसाबद्दलच जास्त बोललं जायचं. पण ती बसून खाणारी नव्हती. आल्यावर पंधरवड्यातच तिनं हेरलं की नदीपलीकडे अकोट्याला नवे बंगले झालेत, तिथल्या बायका सुती साड्या नेसतात, पुरुष झब्बे घालतात, आणि कपड्यांना नीट खळ घालून देणारं कुणी नाही. मग आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी पोळ्यांच्या आधी भाताच्या पेजेचं पातेलं चढायला लागलं. तो वास मला अजून आठवतो, किंचित आंबूस, किंचित गोड. आईच्या आमटीच्या फोडणीत तो मिसळला की घरभर असं काही दरवळायचं की शेजारचे विचारायचे, आज काय नवीन केलंत?

अगाशीवर आत्याच्या पाच तारा होत्या. पांढरं कापड भर उन्हात, रंगीत सावलीच्या बाजूला आणि तेही उलटं करून, रेशीम नुसत्या वाऱ्यावर. लोकरीचं काही असलं तर ते तारेवर टांगायचंच नाही, ओल्या लोकरीला स्वतःचंच वजन पेलत नाही म्हणायची. बाजेवर जुनं धोतर पसरून त्याच्यावर आडवं घालायचं, बाह्या नीट जागच्या जागी ठेवून, झोपलेल्या पोराला पांघरूण घालावं तसं. प्रत्येक कपडा घालायच्या आधी ती असा झटकायची की समोरच्या छपरावरची कबुतरं उडायची. हळदीचा डाग पडलेली साडी कुणी आणली तर ती साबण लावून घासत बसायची नाही. ओल्या साडीचा तेवढा भाग उन्हाकडे तोंड करून ठेवायची, आणि दुपारपर्यंत तो डाग कुठं गेला हे मला कधी कळलं नाही. मी तिला विचारलं होतं, यात काय घालतेस? मला वाटायचं, पेटीत काहीतरी पूड असणार. ती म्हणाली, "ऊन." माझा विश्वास बसला नाही.

इथं एक आजची गोष्ट सांगते. मुलाकडे नवव्या मजल्यावर राहते. सोसायटीचा नियम असा की गॅलरीत कपडे दिसता कामा नयेत, इमारतीची शोभा जाते. सूनबाईंनी म्हणून वाळवायचं मशीन घेतलं. आदिती गुणी मुलगी आहे, माझे कपडेही त्यातच टाकते. तासाभरात गरम गरम घड्या हातात येतात. पण मी टॉवेल नाकाला लावते तर त्याला कसलाच वास नाही, उन्हाचा नाही, साबणाचाही नाही. माझ्या परकराच्या इलॅस्टिकनं वर्षाच्या आत मान टाकली. आणि मशीनच्या जाळीवरून आदिती रोज जी राखाडी लव खरवडून कचऱ्यात टाकते ती कुठून येते, हे मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "धूळ असते आई." मला माहीत आहे ती काय असते. माझ्या दोन साड्या मी अजूनही खिडकीशी दोरी बांधून आतल्या आत वाळवते, आणि वॉचमनचा फोन आला की ऐकू येत नाही असं दाखवते.

असलं मशीन मी पहिल्यांदा पाहिलं ते हंसाबेनच्या बंगल्यावर. हंसाबेन आणि त्यांचे यजमान कनुकाका बरीच वर्षं विलायतेत राहून अकोट्याला परत आले होते, आणि मागून जहाजानं त्यांचं सामान आलं. त्यात हे. मागच्या व्हरांड्यात ते ठेवलं होतं, पांढरं, चौकोनी, पुढं गोल दार, आणि पाठीतून निघालेली एक जाड नळी खिडकीबाहेर काढलेली. चालू केलं की घरातले दिवे मंद व्हायचे. आत्या आणि मी खळीच्या साड्या पोचवायला गेलो होतो. हंसाबेन आमच्याशी मराठी-गुजरातीची भेळ करूनच बोलायच्या. म्हणाल्या, "जो कमलबेन, आता पावसाळ्यात काही टेन्शन नाही. अर्ध्या कलाकमां बधुं कोरुं!" अर्ध्या तासात सगळं कोरडं. आत्यानं दार उघडून आत हात घातला, आतल्या पत्र्यावरून बोटं फिरवली, मग जाळी काढून तिच्यावरची लव चिमटीत धरली आणि पदराच्या टोकाला बांधून घरी आणली. संध्याकाळी बाबांच्या पुढं ठेवली. बाबांनी ती दिव्यापाशी नेऊन पाहिली. "हे कापडच आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे हेच उडतं. रोज थोडं थोडं कापड झिजवतंय ते मशीन." आणि खोकले.

तरी हंसाबेन आत्याचं काम बंद करणार नव्हत्या. चादरी-टॉवेल मशीनमध्ये जायला लागले, पण मशीनला खळ घालता येत नाही, त्यामुळे साड्या, झब्बे आणि लोकरीचं आत्याकडेच यायचं. त्या थंडीत त्यांनी एक स्वेटर पाठवलं. साईच्या रंगाचं, जाड वेणीच्या विणीचं, कनुकाकांच्या मापाचं. ते हंसाबेनच्या आईनं जावयासाठी विणलं होतं, आणि ती माउली आता नव्हती. "संभाळीने, हं," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. आत्यानं ते रिठ्याच्या पाण्यात धुतलं, दोन दिवस बाजेवर वाळवलं, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीच पोचतं केलं, कारण उत्तरायणात आमच्या अगाशीवरच्या सगळ्या ताराच खाली उतरवाव्या लागत. दोन दिवस सगळं बडोदं छपरांवर असायचं. मांजा तारेत अडकला की पतंगवाले तार तोडायला कमी करायचे नाहीत.

उत्तरायण झालं, उंधियू खाऊन झालं, आत्यानं तारा पुन्हा ताणून बांधल्या, आणि त्याच दिवशी दुपारी आमच्या गल्लीत रिक्षा थांबली. हंसाबेन जिना चढून वर आल्या. आई पुढं झाली, "या ना, बसा." त्या बसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी एक स्वेटर काढून हातावर धरलं. ते सात-आठ वर्षांच्या पोराच्या अंगात जेमतेम गेलं असतं. जाड, कडक, घोंगडीच्या तुकड्यासारखं.

"आ मारुं नथी, हे माझं नाही," त्या आत्याला म्हणाल्या. "कपाटात खाली हे होतं. माझ्या बाचं, आईच्या हातचं स्वेटर कुठे आहे, कमलबेन?"

आत्या दोन पावलं दूर उभी होती. तिनं नुसतं बघितलं. "मी दिलं ते हे नाही," ती म्हणाली.

"तेच तर मी पण सांगते. हे नाही. मग ते कुठे?"

"मी तुमचं तुम्हाला दिलं, बेन. नलू होती बरोबर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बरोबर होते, हे खरं होतं. पण कपड्यांचा गठ्ठा पांढऱ्या फडक्यात बांधलेला होता, आणि आत काय आहे ते मी पाहिलं नव्हतं. मी तेच सांगितलं. खरं तेच सांगितलं, आणि सांगताना आत्याचा चेहरा कसा होत गेला तेही पाहिलं.

हंसाबेन मोठ्यानं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते लहान स्वेटर पिशवीत परत कोंबलं, डोळे पुसले, आणि जिना उतरताना खालच्या कुसुमबेनला ऐकू जाईल इतपत म्हणाल्या, "विश्वास ठेवला होता." तेवढ्यानं काम झालं. चार दिवसांत अकोट्याच्या तीन घरांनी कपडे देणं थांबवलं. पाचपैकी दोनच तारा भरायला लागल्या. बाबांनी आत्याला सांगितलं, चल, आपण दोघं जाऊन त्यांच्याशी बोलू. आत्या म्हणाली, "मी घेतलं नाही, तर मी कशाला जाऊ?" ती गेली नाही. आणि तिचं हे न जाणं आईच्या मनात रुतून बसलं. पोळ्या लाटता लाटता आई मला म्हणायची, "ज्याचं मन स्वच्छ, तो धावत जाऊन सांगेल की नाही? तूच सांग." मला ते पटायचं. आज ज्या वयात मी आहे त्या वयात पटत नाही, पण तेव्हा अगदी पटायचं.

मी आत्यावर पाळत ठेवायला लागले. दुसरा शब्द नाही त्याला. ती पेटी कधी उघडते, उघडली की माझ्याकडे पाठ करते का, कुणाला पत्र लिहिते का. मला मनातून खात्री वाटायला लागली होती की ते स्वेटर वाघोडियाला गेलं, त्या नवऱ्याकडे. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. माझं मीच रचलं आणि माझं मीच खरं मानलं. एके सकाळी ती अगाशीवर कपडे घालत होती आणि किल्ली तिच्या उशीखाली राहिली होती. मी पेटी उघडली. दोन लुगडी, एक तांब्या, सासरहून आणलेला एक फोटो उलटा ठेवलेला, आणि खाली जुन्या रुमालात बांधलेला लोकरीचा गुंडा. साईच्या रंगाचा.

मी तो आईला दाखवला. आईनं तोंडावर हात ठेवला. "उसवलं गं तिनं," ती म्हणाली. "सगळं स्वेटर उसवलं." त्या दिवशी बाबांना सुट्टी होती. आईनं त्यांना बोलावून आणलं. आम्ही तिघं त्या उघड्या पेटीभोवती उभे राहिलो. बाबांनी गुंडा हातात घेतला, टोक सोडवून हातभर लोकर ओढली, दोन बोटांत ताणली आणि सोडली. मग ते इतक्या रागानं बोलले की मी त्यांना तसं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"ही नवी लोकर आहे. उसवलेली लोकर अशी सरळ असते का? तिला वळ्या पडतात, कुरळी होते ती. तुला एवढं कळत नाही? आणि पेटी कुणी उघडली?"

दारात आत्या उभी होती. हातात रिकामी बादली. ती कधीपासून तिथं होती मला माहीत नाही. तिनं आमच्यापैकी एकेकाकडे पाहिलं, शेवटी माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"कोपरापाशी कसर लागली होती त्या स्वेटरला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "भोक पडलं होतं. मंगळ बाजारातनं रंग जुळवून लोकर आणली आणि रफू केलं. उरली ती ठेवली. त्यांना सांगितलं नाही मी, उगाच आईच्या आठवणीनं रडल्या असत्या." मग ती बादली घेऊन मोरीत गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. आईनं केलेली कढी तशीच झाकून राहिली. मी आत्याशी बोलायला दोनदा गेले आणि दोनदा परत आले. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात घुमत राहिली. ते लहान स्वेटर हंसाबेननी आमच्यासमोर धरलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याचं माप पाहिलं होतं. त्याचं कोपर कुणीच पाहिलं नव्हतं, आत्यानंही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले ती सायकल पुलावर घातली आणि विश्वामित्री नदी ओलांडून अकोट्याला गेले. कनुकाका पुढच्या व्हरांड्यात हिंचक्यावर झुलत पेपर वाचत होते. मागून मशीनची घरघर येत होती. हंसाबेन दारात आल्या आणि माझ्याकडे बघून कपाळाला आठी घातली. "शुं छे?"

"ते लहान स्वेटर मला बघायचं आहे."

"केम? कोणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही. तुमच्यासमोरच बघते. हातात घेऊन परत देते."

मला वाटलं, या हाकलून देणार. मीही त्यांच्या जागी असते तर हाकललंच असतं. पण त्या आत गेल्या आणि ते घेऊन आल्या. मी ते उलटं केलं. उजवी बाही बघितली, काही नाही. डावी बाही बघितली. कोपरापाशी, घट्ट झालेल्या त्या लोकरीत, सुपारीएवढा एक ठिगळासारखा भाग होता, रंगानं अगदी किंचित पिवळसर, आणि त्यातले टाके उभे-आडवे, आमच्या घरातल्या प्रत्येक मोज्यावर असायचे तसे.

"हे रफू माझ्या आत्याचं आहे," मी म्हटलं. "तुमच्या स्वेटरला कसर लागली होती, ती तिनं भरली. हे तुमचंच स्वेटर आहे."

हंसाबेननी ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. वेणीची वीण बोटानं चाचपली. दबलेली, चिकटलेली, पण वेणीच होती ती. "पण आ तो..." त्या म्हणाल्या, "हे एवढं कसं..."

हिंचक्याच्या कड्यांचा आवाज थांबला. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं. कनुकाकांनी पेपर खाली केला होता. सत्तरीचा माणूस, पण चेहरा पाचवीतल्या मुलासारखा झाला होता.

"चा ढोळाई गई हती, चहा सांडला अंगावर," ते म्हणाले. "उत्तरायणने दिवसे. तारी बानुं स्वेटर, तुला काय सांगणार? तू अगाशीवर होतीस. गठ्ठ्यातून मीच काढून घातलं होतं ते. मी नळाखाली धुतलं आणि मशीनमध्ये टाकलं. एक तास. काढलं तर हे."

"आणि कपाटात लपवलं."

"हा."

"आणि मी त्या बाईच्या घरी जाऊन बोलून आले. तुम्ही इथे बसला होता. आठ दिवस बसला होता!"

हंसाबेननी मागं जाऊन मशीनचं बटण बंद केलं. ते घरघरत हळू झालं आणि थांबलं, आणि आतले कपडे धप्पकन खाली पडल्याचा आवाज आला. मग त्या चप्पल घालून, साडी न बदलता, रिक्षेसाठी रस्त्यावर गेल्या. मी सायकलवर त्यांच्या मागं.

आमच्या जिन्यावर त्यांनी मुद्दाम मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, खालच्या मजल्यापासून. कुसुमबेन बाहेर आल्या, समोरचे बाहेर आले. हंसाबेननी अगाशीवर जाऊन सगळ्यांसमोर आत्याचे दोन्ही हात धरले आणि चूक झाली, माफ करा, म्हणाल्या, गुजरातीत आणि मराठीत. ते लहान स्वेटर तिच्या हातात दिलं. आत्यानं कोपर पाहिलं, स्वतःचे टाके पाहिले, आणि मग त्या दोघी बायका, एक बंगल्यातली आणि एक पेटी घेऊन आलेली, त्या स्वेटरवर हात ठेवून रडल्या. आठवड्याभरात पाचही तारा भरल्या. हंसाबेन स्वतः घरोघर फिरून सांगत होत्या. ते मशीन त्यांनी फेकलं नाही, एवढी महागाची वस्तू कोण फेकतं, पण त्याच्यात पुढं फक्त पायपुसणी जायची, असं आत्या सांगायची.

सगळं ठीक झालं, असं इथं लिहिता आलं असतं. आई मात्र आत्याशी बोलताना आता फार गोड बोलायला लागली, आणि ते गोड बोलणं ऐकवत नव्हतं. माझी माफी मागायची राहिली होती ती राहूनच गेली. रोज वाटायचं, आज मागू. होळीच्या सुमाराला आत्यानं बाबांना सांगितलं की तिनं शहरातच, वाघोडिया रस्त्याला एका घराची अगाशी आणि तिच्यावरची खोली घेतली आहे.

"आमच्यावरचा राग अजून आहे का, कमल?" बाबांनी विचारलं.

"राग नाही, दादा. माझी पेटी उघडी राहिली तरी चालेल, अशा जागी राहायचंय मला."

बाबा तिचं सामान पोचवायला गेले. तिथून परत आल्यावर ते चहा न घेताच आमच्या अगाशीवर गेले. तारा काढलेल्या होत्या, भिंतीतले खिळे तेवढे उरले होते. आत्यानं त्या वाघोडिया रस्त्याच्या अगाशीवर पुढं पंचवीस वर्षं काम केलं. पाच तारांच्या वीस तारा झाल्या, हाताखाली दोन बायका आल्या. तिनं वाळवलेली साडी नेसून मी कॉलेजात शिकवायला गेले, तिनंच खळ घातलेली साडी नेसून मी लग्नात उभी राहिले. कपडा लवकर विटू नये, फाटू नये, अंगाला सुखाचा लागावा, यासाठी ऊन-वाऱ्याइतकं दुसरं काही नाही, हे मी जे आज आदितीला तोंड दुखेपर्यंत सांगते, ते सगळं तिचं. पण माझ्या आठवणीत पक्का राहिलाय तो त्या नव्या जागेतला पहिला रविवार.

आईनं डब्यात पुरणपोळ्या भरून मला पाठवलं होतं. आत्या अगाशीवर होती, समोर ओल्या साड्यांचा ढीग. तिनं डबा घेतला, बाजूला ठेवला, आणि एका नऊवारीचं टोक माझ्या हातात दिलं. दुसरं टोक धरून ती मागं मागं गेली. आम्ही दोघी ती साडी ताणून, झटकून सरळ करायला लागलो. लांबून, वाऱ्यात, तिनं विचारलं,

"नलू, किल्ली घेण्याआधी मला विचारलं का नाहीस? मी सांगितलं असतं."

एवढे दिवस माफीचे शब्द जुळवले होते, पण हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "तू खोटं सांगशील असं वाटलं."

तिनं मान हलवली, हिशोब जुळला अशी. "बरं केलंस, खरं सांगितलंस," ती म्हणाली. "आता घट्ट धर. वारा आहे."

मी घट्ट धरलं.